धानोरीत २ बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा आहे, हप्ता भाड्यात निघेल का?

अजिंक्यतारा_८८

नमस्कार मंडळी, इथे वाचतो बरेच दिवस पण लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्यात असतो, वडिलांनी बांधलेलं घर आहे, डोक्यावर कर्ज कुठलंच नाही. मी एका कंपनीत, हातात ६८ हजार येतात, मिसेस खाजगी शाळेत शिक्षिका, तिला ४७. मुलगी तिसरीत. आठ-नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन एफडी आणि पोस्टात मिळून २२ लाख जमलेत. तर सासरे गेले वर्षभर मागे लागलेत की पैसा बँकेत सडवू नका, पुण्यात जागा घ्या, हप्ता भाडेकरू भरतो आणि वीस वर्षांनी जागा आपली. त्यांनी स्वतः तसं केलंय असं नाही पण त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी केलंय म्हणे.

धानोरीत एक रिसेलचा २ बीएचके बघितलाय, बिल्डिंग ११ वर्षं जुनी, तिसरा मजला, लिफ्ट, पार्किंग. किंमत ६५. एजंट म्हणतो २२ हजार भाडं डोळे झाकून येतं, विमाननगर-खराडीची आयटीची पोरं तिकडेच राहतात. बँकेतल्या माणसाने ८ टक्क्याने २० वर्षांचं सांगितलंय. टॅक्सपण वाचेल. मेव्हणा विश्रांतवाडीला राहतो, तो लक्ष ठेवतो म्हणालाय.

प्रश्न एवढाच की हप्ता भाड्यात निघेल का, निदान बराचसा? आणि मिसेसच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी लागते हे खरंय का? अजून काही बघायचं राहत असेल तर सांगा.

---

वजाबाकी

सासऱ्यांना नमस्कार सांगा, पण त्यांच्या ऑफिसातल्यांनी जागा घेतल्या तेव्हाचं भाडं आणि जागेची किंमत यांचं गणित वेगळं होतं. आज पुण्यात भाडं हप्ता भरत नाही, निम्म्यापर्यंत गेलं तरी नशीब.

आता तुमचेच आकडे घेऊ. ६५ च्या जागेला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, कर्ज ३० ते ७५ लाखांच्या मधे असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. म्हणजे ५२ लाख. ८ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,५०० च्या आसपास. भाडं २२. इथेच साडेएकवीस हजार खिशातून.

पण २२ हे तुमच्या हातात येणारं भाडं नाहीये, ते एजंटच्या तोंडातलं भाडं आहे. वर्षातला एक महिना रिकामा धरा, भाडेकरू बदलताना तेवढा जातोच. ११ महिन्यांचे २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स मालकाने भरायचा, ३,५०० धरला तर ४२ हजार गेले. मिळकतकर १४ धरा. एजंटला दरवेळी पंधरा दिवस ते महिन्याचं भाडं, वर्षाला ११ हजार धरू. रंग, नळ, गिझर, फ्लश टाकी यात १२. सोसायटीचे नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते शुल्क) तीन-साडेतीन. राहिले १ लाख ६० हजारांच्या आत, महिन्याला १३ हजार. म्हणजे खरी पदरमोड ३० हजार, आणि ती तुमचा पगार कधी थांबला तरी थांबत नाही. ७० लाखांच्या वर पैसे घालून वर्षाला १ लाख ६० हजार म्हणजे सव्वादोन टक्के होतात, तुमच्या एफडीवर याच्या दुपटीहून जास्त मिळत असणार.

७० कुठून आले विचाराल. १३ लाख स्वतःचे भरायचे ते सगळ्यांना माहित असतं. त्यावर पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ४ लाख ५५ हजार, नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३० हजार, एजंट १ टक्का म्हणजे ६५ हजार, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि इतर किडूकमिडूक २५ हजार, आणि ११ वर्षं वापरलेला फ्लॅट भाड्याने देण्यासारखा करायला दीड लाख. बेरीज सव्वावीस. स्टॅम्प ड्युटी-नोंदणीला बँक कर्ज देत नाही हे लक्षात घ्या. २२ लाखांतले पावणेदोन उरतात. घरात कुणी आजारी पडलं तर?

---

ताळेबंद_ताई

वजाबाकीने हिशोब मांडलाच आहे, मी फक्त "टॅक्सपण वाचेल" एवढं एक वाक्य उचलते कारण माझ्याकडे रोज कुणीतरी हे वाक्य घेऊन येतं.

दादा, कुठला टॅक्स? तुमचा पगार वर्षाला आठ-सव्वाआठ लाख, वहिनींचा साडेपाच-पावणेसहा. पीएफ वगैरे कापून हातात येतो म्हणालात तरी दोघेही १० च्या आतच. आयकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत काहीच कर भरावा लागत नाही. तुम्ही दोघंही आज शून्य भरता, किंवा भरत असाल तर तुमच्या ऑफिसने जुनी पद्धत लावून ठेवलीय, ते आधी तपासा. शून्यातून वाचवणार काय?

तरी पूर्ण सांगते. भाड्याने दिलेल्या घराचं उत्पन्न असं काढतात की वर्षाचं भाडं २ लाख ६४ हजार, त्यातून भरलेला मिळकतकर १४ वजा, राहिले अडीच लाख, त्यावर सरसकट ३० टक्के वजावट, राहिले १ लाख ७५ हजार. आता त्यातून कर्जाचं व्याज वजा. पहिल्या वर्षी तुमचं व्याज साधारण ४ लाख १२ हजार होईल (सव्वापाच लाख हप्ते भरून मुद्दल फक्त १ लाख १० हजाराने कमी होणार, हे पण एकदा मिसेसना दाखवा). म्हणजे घराचा तोटा २ लाख ३७ हजार. जुन्या पद्धतीत यातले २ लाखापर्यंत पगारातून वजा करता येतात आणि उरलेला तोटा पुढची ८ वर्षं घरभाड्याच्याच उत्पन्नासमोर लावता येतो. नव्या पद्धतीत हा तोटा पगारातून वजा होतच नाही. फायदा म्हणाल तर एवढाच की मिळणाऱ्या भाड्यावर कर बसत नाही.

मिसेसच्या नावाबद्दल. हो, महाराष्ट्रात बाईच्या नावावर राहती जागा घेतली तर १ टक्का कमी, तुमचे ६५ हजार वाचतील. पण एकटीच्या नावावर पाहिजे (किंवा सगळे मालक बायकाच), नवरा-बायको जोड नावावर घेतलं की सवलत गेली. आधी १५ वर्षं पुरुषाला विकायची नाही अशी अट होती ती २०२३ ला काढली. बँकेला तुम्ही सहकर्जदार म्हणून चालता. मात्र पैसे सगळे तुमच्या खात्यातून गेले आणि नाव तिचं लागलं तर भाडं आयकरवाले तुमच्याच उत्पन्नात धरतात. तुमच्या केसमधे त्याने फार फरक पडत नाही, पण कुणाचे किती गेले याची नोंद ठेवा.

आणि ६५ लाख म्हणजे ५० च्या वर, त्यामुळे मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावाचा आगाऊ आयकर) कापून तुम्हीच सरकारकडे भरायचा. लोक हे हमखास विसरतात आणि मग दंड, व्याज आणि माझी फी.

---

गॅलरीतली_तुळस

मी आईचा कर्वेनगरचा १ बीएचके सात वर्षं सांभाळतेय, मी स्वतः ठाण्यात. त्यामुळे कर्ज-टॅक्स बाजूला ठेवते, मला तुमच्या "मेव्हणा लक्ष ठेवेल" वर बोलायचंय 😄

आमच्याकडे मावसभाऊ होता. गुणी माणूस, नाही म्हणता येत नाही हा एकच दोष. दुसऱ्या वर्षी भाडेकरूचा गिझर गेला, त्याने भावाला फोन केला, भाऊ ऑफिस सुटल्यावर प्लंबर घेऊन गेला, कॉइल बदलली, १८०० रुपये स्वतःच्या खिशातून दिले आणि मला सांगायला लाजला. मी ते कधी दिलेच नाहीत कारण मला माहीतच नाही. सहा महिन्यांनी बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल आली, खालच्या काकू रोज भावाच्या बायकोला फोन करायच्या. फरशी काढून वॉटरप्रूफिंग, ३८ हजार आणि अकरा दिवस. भाडेकरू अकरा दिवस काय आंघोळ शेजाऱ्यांकडे करणार, तर त्याचं अर्ध्या महिन्याचं भाडं माफ. या सगळ्यात दिवाळीत मावशीकडे गेले तर वहिनी बोलेना. आईने विचारलं काय झालं, तर म्हणे आमच्या ह्यांनी गिझरचे पैसे भरले त्याचं कुणाला काही नाही. अठराशे रुपयांसाठी नातं, दोन वर्षं!

तेव्हापासून मी एका ओळखीच्या बाईंना महिन्याला १ हजार देते, त्या त्याच भागात दोन-तीन फ्लॅट बघतात. किल्ली त्यांच्याकडे. काही बिघडलं की आधी मला फोटो, मग मी हो म्हटल्यावर काम, पैसे मी थेट प्लंबरला. मेव्हण्याला करायचंच असेल तर त्याला सरळ मानधन द्या, फुकट करून घेऊ नका. त्याच्या बायकोला आधी विचारा.

अजून एक, फ्लॅट देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ उघडून दाखवा, पंखे चालू करून दाखवा, मीटरचं रीडिंग दाखवा, आणि भाडेकरूच्या व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी पाठवा. सोडताना डिपॉझिटवरून जी भांडणं होतात त्यातली निम्मी यानेच मिटतात. उरलेली निम्मी रंगावरून होतात, त्याला औषध नाही.

---

माजी_सेक्रेटरी

मी आमच्या सोसायटीत नऊ वर्षं सचिव होतो, (कुणी तयार नव्हतं म्हणून). चार गोष्टी सांगतो.

भाडेकरार ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत पाहिजेच. ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा गैरसमज पुण्यात अजून आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलीय, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. वर, कोर्टात गेलात तर भाडेकरू सांगेल तेच अटी म्हणून धरलं जातं जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. खर्च काय तर २२ हजार भाडं, ६० डिपॉझिट, ११ महिने, स्टॅम्प ड्युटी पाव टक्क्याने सव्वासहाशेच्या आत आणि नोंदणी महापालिका हद्दीत १ हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. याच्यासाठी लोक का रडतात कळत नाही. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपून माणूस निघाला नाही तर त्याच कायद्यात दुप्पट भाड्याची तरतूद आहे. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन होतं, त्याची प्रत सोसायटीला द्या.

नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, २००१ चा शासनाचा आदेश आहे. सेवाशुल्काच्या, एकूण बिलाच्या नाही. पण आधी हे बघा की ती खरंच सोसायटी आहे का. पुण्यात निम्म्या बिल्डिंगा "अपार्टमेंट" असतात, पाटीवर सोसायटी लिहिलेलं असतं आणि नोंदणी अपार्टमेंट कायद्याखाली. तिथे हिशोब वेगळा, ट्रान्सफरची कागदपत्रंही वेगळी. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट मालकाच्या नावावर चढलंय का, थकबाकी नाही असं पत्र, ट्रान्सफर फी २५ हजारांहून जास्त मागत नाहीत ना. भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) बघा. मालकाने ज्याच्याकडून घेतला तिथपर्यंतचे मूळ करार बघा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) काढा.

मिळकतकराबद्दल. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की नाही. एजंट तुम्हाला आत्ताच्या मालकाची पावती दाखवेल, तो स्वतः राहत असेल तर ती सवलतीची असेल. त्यावर जाऊ नका.

शेवटचं, धानोरी आहे म्हणून. सोसायटीकडून मार्च, एप्रिल, मे ची टँकरची बिलं मागून घ्या. मेंटेनन्स ३,५०० सांगतात तो पावसाळ्यातला असतो.

---

पिंपळेगुरवचा_बंड्या

सगळे मिळून घाबरवताय बिचाऱ्याला. मी २००९ ला १८ लाखाला घेतला होता पिंपळे गुरवला, लोकं तेव्हाही हेच म्हणत होती, भाडं ६ हजार आणि हप्ता साडेबारा. २०२४ ला ५८ ला विकला. पोरीचं शिक्षण त्यातच चाललंय. एफडी केली असती तर मोडून कधीच खाल्ली असती, हप्ता असला की माणूस गपचूप भरतो, हा फायदा कुठल्या एक्सेलमधे दिसत नाही.

फक्त एक, बँकेवर लक्ष ठेव भावा. माझ्या धाकट्या भावाने २०२१ मधे पावणेसात टक्क्याच्या आत घेतलं ४० लाख, हप्ता ३० हजार ३०० का काय. २०२२ च्या मे पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवत नेले ते वर्षभरात अडीच टक्क्याने वर. ह्याचा हप्ता तेवढाच, म्हणून हा खुश, म्हटला आपल्याला काय फरक पडला नाही. स्टेटमेंट बघितलं तर हप्त्यातले साडेएकोणतीस हजार नुसतं व्याज, मुद्दलात सातआठशे! बँकेने परस्पर मुदत ताणलेली, फेडून होईपर्यंत पोरगा रिटायर व्हायचा. मग जाऊन हप्ता वाढवून घेतला. आता नियम आहे की हप्ता वाढवायचा का मुदत ते बँकेने विचारलं पाहिजे पण विचारतात ते एसेमेसवर आणि तो आपण वाचत नाही.

---

वजाबाकी

बंड्याशेठ, १८ चे १५ वर्षांत ५८ म्हणजे वर्षाला ८ टक्क्यांच्या जरा वर. वाईट नाहीच, त्यावर भाडं आलं ते वेगळं. पण तुमचा हप्ता साडेबारा होता आणि भाडं सहा, म्हणजे भाड्यात जवळजवळ निम्मा हप्ता जात होता आणि पदरमोड साडेसहा. इथे वरचे खर्च जाऊन पदरमोड तीस आहे. आणि २०१४ ते २०२० तुमच्या जागेचा भाव किती हलला होता ते पण सांगा 🙂

---

पिंपळेगुरवचा_बंड्या

हलला नव्हता. त्या काळात विकायला काढला होता, गिऱ्हाईक येईना. म्हणूनच राहिला हातात 😂 अडाण्याची शेती दुसरं काय.

---

शारजातला_सोलापूरकर

मधेच घुसतोय, माफ करा. माझा हडपसरला फ्लॅट आहे, भाडेकरू म्हणतो तुम्ही परदेशात म्हणून मला भाड्यातून ३१ टक्के कापावे लागतात. थापा मारतोय का?

---

ताळेबंद_ताई

थापा नाही, प्रामाणिक भाडेकरू मिळालाय, जपा. मालक अनिवासी असेल तर ३१.२ टक्के टीडीएस, पहिल्या रुपयापासून. ५० हजारांवरच्या भाड्याचा जो २ टक्क्यांचा नियम आहे तो निवासी मालकांसाठी. तुम्ही रिटर्न भरून परत मागा किंवा आधीच कमी दराचं प्रमाणपत्र काढा. वेगळा धागा काढा, इथे साताऱ्याचे दादा हरवतील.

---

अजिंक्यतारा_८८

सगळ्यांचे आभार, काल रात्री मिसेसना सगळं वाचून दाखवलं. व्याज-मुद्दलाचं ऐकून ती एकदम गप्प झाली. गिझरचं ऐकून मात्र म्हणाली माझ्या भावाला यात घेऊ नका.

दोन गोष्टी मी वर लिहिल्या नव्हत्या त्या लिहितो. एक म्हणजे मालक म्हणतोय करार ५८ चा करू, ७ रोख. एजंट म्हणतो रिसेलमधे हे असंच असतं आणि तुमचीपण स्टॅम्प ड्युटी वाचते. दुसरं म्हणजे मी मागच्या रविवारी ५१ हजार टोकन दिलंय, मालकाला यूपीआयने. पावती नाही, व्हॉट्सअॅपवर "५१००० received for flat" एवढा मेसेज आहे मालकाचा. एजंट आता रोज दोनदा फोन करतोय की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

---

वजाबाकी

हे आधी सांगायचं ना राव. ७ रोख म्हटल्यावर सगळं गणितच बदललं.

बँक कर्ज देणार कराराच्या किमतीवर. ५८ चे ८० टक्के ४६ लाख ४० हजार. जागेचे मालकाला जायचे ६५, म्हणजे तुमच्या खिशातून १३ नाही, १८ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्युटी ४ लाख ६ हजार, बाकीचे खर्च तेच, २ लाख ७० हजार. बेरीज २५ लाख ३६ हजार. तुमच्याकडे २२ आहेत. ३ लाख ३६ हजार कमी पडतात, ते कुठून, पर्सनल लोन? सोनं?

---

ताळेबंद_ताई

आणि "तुमची स्टॅम्प ड्युटी वाचते" याचा हिशोब. ७ लाखांवर ७ टक्के म्हणजे ४९ हजार वाचतील. उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी ५८ चीच धरणार, ६५ ची नाही. आता जे घ्याल त्यावर महागाईचा निर्देशांकही मिळत नाही (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरत नाहीत), नफ्यावर सरळ साडेबारा टक्के कर. ७ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ८७ हजार ५००. म्हणजे मालकाचा कर तुम्ही भरायचा आणि वर त्याचे उपकार मानायचे. आत्ताचा खरा फायदा मालकाचा आहे.

शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. तो त्याला बसतो हे खरं, पण चौकशी आली की ७ लाख तुमच्याकडे कुठून आले ते तुम्हाला विचारणार. तुमचे तर एफडी मोडूनच येणार, म्हणजे बँकेत काढल्याची नोंद असणारच. पांढऱ्याचं काळं करायला निघालेले तुम्ही पहिलेच 🙏

---

माजी_सेक्रेटरी

टोकन परत मागा. करार झालेला नाही, अटी लिहिलेल्या नाहीत. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे एजंट लोक सकाळी दात घासताना म्हणतात. गिऱ्हाईक खरंच असेल तर मालकाला तुमचे ५१ हजार परत द्यायला काहीच अडचण नाही. फोनवर बोलू नका, लिहून पाठवा, म्हणजे उद्या उपयोगी पडेल.

---

गॅलरीतली_तुळस

आणि एजंटला नाही, मालकाला पाठवा. भांडणाचा सूर नको.

---

अजिंक्यतारा_८८

पण खरं सांगू का, जागा आवडली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं. मिसेसने मनात ओटा पण बदलून टाकला होता. पूर्ण ६५ चा करार केला तर घ्यावा का तरीही?

---

वजाबाकी

राहायला जाणार असाल तर ऊन बघा. भाडेकरूच्या खिडकीतलं ऊन तुम्हाला ३० हजार महिना पडणार.

तरी घ्यायचाच असेल तर निदान घासाघीस करा. पूर्ण चेकने ५९-६० ला देत असेल तर बोलू. कर्ज ३५-४० च्या आत बसेल अशी जागा बघा, १ बीएचके चालेल, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून मगच सही. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जाला आधी फेडल्याचा दंड नसतो, वर्षाला एक हप्ता जास्त भरला तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा-सतरा वर्षांत संपतं. बँक कर्जासोबत इन्शुरन्सचा एकरकमी हप्ता गळ्यात मारेल आणि तोही कर्जातच घालेल, तो सक्तीचा नसतो. टर्म प्लॅन बाहेरून घ्या.

---

माजी_सेक्रेटरी

हा घ्या मसुदा, नावं तुमची घाला.

"नमस्कार साहेब. आपल्या धानोरीच्या फ्लॅटसाठी मी रविवारी ५१,००० रुपये यूपीआयने टोकन दिले होते व ते मिळाल्याचे आपण त्याच दिवशी कळवले होते. करार पूर्ण ६५ लाखांचा, सर्व रक्कम बँकेमार्फत आणि माझे कर्ज मंजूर झाल्यास, या अटींवर मी व्यवहार करू शकतो. हे आपणास मान्य नसल्यास टोकनची रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात सात दिवसांत परत करावी ही विनंती. आपले उत्तर लेखी कळवावे."

पूर्ण ६५ लिहा, ५९ चं बोलणं नंतर समोरासमोर. एकाच मेसेजमधे दोन विषय काढू नका.

---

अजिंक्यतारा_८८

पाठवला, नऊ वाजून दहाला. दोन निळे टिक आलेत. एजंटचा फोन वाजतोय, उचलत नाही.

---

गॅलरीतली_तुळस

उचलू नका. सासऱ्यांचा आला तर मात्र उचला.